दांडीवरचं साल

"राणी आहे," सराफकाका म्हणाले. डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून त्यांनी चमचा दिव्याखाली जरा तिरपा केला. "राणीछाप रुपयावर असते तीच. तोंड डावीकडे."

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरचं हे दुकान काही मोठं नाही. बाहेर मेट्रो पाचचे खांब, रिक्षांची रांग, गोदामांकडे निघालेले ट्रक. पद्मनगरच्या बाजूने येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात मराठीइतकीच तेलुगू. रहदारीचा आवाज थोडा ओसरला की गल्लीतल्या मागांचा खटखटाट ऐकू येतो. आत मात्र काचेचा गल्ला, मखमली ट्रे, वजनकाटा आणि या माणसाच्या तीन पिढ्यांची बैठक. माझ्या हातातला चमचा पाहून त्यांनी प्रथम वजन केलं, एकोणपन्नास ग्रॅम. मग भिंग घेतलं. हा क्रम त्यांच्या धंद्याचा आहे. वजन आधी, वाचन नंतर. वाचन बहुतेक वेळा होतच नाही.

२०२५ साली चांदी किलोला दीड लाखाच्या पुढे गेली आणि घराघरांतल्या ट्रंका उघडल्या. वाकलेली ताटली, एकच उरलेलं निरांजन, कान तुटलेली अत्तरदाणी, सगळं मोडीत निघालं. आमच्याही घरात विषय निघाला. आईच्या ट्रंकेत एक चमचा होता. आजोबा मुंबईत फोर्टातल्या एका इंग्रज पेढीवर कारकून होते. १९४७ साली साहेबाचं बिऱ्हाड मायदेशी निघालं, घरातलं सामान लिलावाला काढलं, त्यात आजोबांनी हा चमचा घेतला. डझनाचा संच घेण्याची ऐपत नव्हती. पुढे तो आमच्याकडे तुपाचा चमचा झाला. दर दिवाळीला आई तो चिंच आणि राखेने घासायची, लख्ख होईपर्यंत. व्हायोलिनसारखी खांद्याशी रुंदावलेली दांडी, आणि तिच्या पाठीवर एका ओळीत पाच बारीक ठसे. लहानपणी मला ती चित्रं वाटायची. त्यांतलं एक चित्र आईच्या चिंचेने जवळजवळ पुसून टाकलं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तो चमचा विकायला मी आले नव्हते. त्याची चांदी किती शुद्ध आहे, ते इथल्या माणसाकडून इथल्या रीतीने तपासून हवं होतं. काकांनी मुलाला पलीकडच्या टंच काढणाऱ्या दुकानात पाठवलं. दहा मिनिटांत एक्स-रे यंत्राचा कागद आला: ब्याण्णव पूर्णांक सहा. "ब्याण्णवचा टंच," काका म्हणाले, "चांगला माल आहे. रुपयापेक्षा सरस." आणि हे अक्षरशः खरं होतं. १८३५ पासूनच्या एकछापी कलदार रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, म्हणजे ९१.६७ टक्के. रुपयाचं वजन १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. आपला तोळा तो हाच. इंग्लंडची स्टर्लिंग चांदी ९२.५ टक्क्यांची. त्यांच्या जुन्या हिशेबात एका पौंडाचे २४० पेनीवेट, त्यांतले २२२ चांदीचे. १९४० मध्ये युद्धाच्या ओढाताणीत रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. स्टर्लिंगचं प्रमाण मात्र जागचं हललं नाही.

यंत्राने एवढं सांगितलं आणि ते थांबलं. चमचा कुठे तपासला गेला, कोणी घडवला, कोणत्या साली, हे सांगायला ठसेच हवेत.

पहिला ठसा चालत्या सिंहाचा, एक पंजा उचललेला. हा १५४४ पासून मारला जातो आणि त्याचा अर्थ एकच: ही स्टर्लिंग चांदी आहे. लंडनच्या सिंहात एक बारीक गोष्ट पाहावी लागते. १८२१ पर्यंत तो चालता चालता आपल्याकडे तोंड वळवून बघतो, त्यानंतर सरळ समोर. आमचा सरळ बघणारा. दुसरा ठसा बिबट्याच्या मुखाचा. तो यातला सर्वांत म्हातारा, पहिल्या एडवर्ड राजाच्या १३०० सालच्या कायद्यातला. पुढे तो लंडनच्या तपासणीघराची खूण झाला. त्याच्या डोक्यावरचा मुकुट १८२१ मध्ये गेला. आमच्या बिबट्याला मुकुट नाही. म्हणजे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते: १८२१ नंतर.

तिसरा ठसा राणीचा. काकांनी चेहरा ओळखला तो आयुष्यभर हाताखालून गेलेल्या रुपयांमुळे. पण रुपयावर ती सत्तेची खूण आहे आणि चमच्यावर कराची पावती. १७८४ मध्ये इंग्लंडने चांदीच्या भांड्यांवर कर बसवला, औंसाला सहा पेन्स. तो वाढत वाढत दीड शिलिंगवर गेला. कर भरला की राजाच्या मस्तकाचा ठसा. १८९० मध्ये कर उठला, मस्तकही गेलं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम उजवीकडे बघतात, व्हिक्टोरिया डावीकडे. तिच्या राज्यारोहणाचं साल १८३७. म्हणजे आता चमचा १८३७ ते १८९० यांच्यामध्ये आला.

चौथा ठसा कारागिराचा, 'जी' आणि 'ए'. लंडनचा जॉर्ज विल्यम अ‍ॅडम्स. चॉनर नावाच्या चमचे-काटे घडवणाऱ्या घराण्यात त्याने लग्न केलं, मेरी चॉनर या सासूकडून कारखाना घेतला आणि १८४० मध्ये स्वतःची खूण नोंदवली. कारागिराने आपली खूण नोंदवलीच पाहिजे, हा नियम १३६३ पासूनचा. या खुणांच्या वहीत बायकाही आहेत, हे मला विशेष वाटतं. हेस्टर बेटमन १७६० मध्ये विधवा झाली आणि पुढच्याच वर्षी तिने लंडनला स्वतःची 'एच बी' ही खूण नोंदवली. तिला लिहिता येत नव्हतं असं सांगतात. तरी तिची ती दोन अक्षरं आज जगभर लोक भिंगाने शोधतात.

आणि पाचवा ठसा, झिजलेला. एक अक्षर.

मी काकांना म्हटलं, "काका, सगळी गंमत या अक्षरात आहे. हे अक्षर म्हणजे साल." त्यांनी परत भिंग लावलं. "काही दिसत नाही, ताई. काडी आहे एक उभी." मी त्यांना एक युक्ती सांगितली, मलाही कुणी तरी शिकवलेली: ठशावर तोंडाची वाफ सोडायची आणि वाफ विरत असताना आडव्या उजेडात पाहायचं. धातू जिथे दाबला गेला तिथे ओल वेगळी उडते. त्यांनी वाफ सोडली, पाहिलं, पुन्हा सोडली. "के?" ते म्हणाले.

के. पण कोणता के?

लंडनच्या तपासणीघरात दरवर्षी मे महिन्यात अक्षर बदलत असे. 'ए' पासून 'यू' पर्यंत, 'जे' वगळून, वीस अक्षरं, वीस वर्षं. मग पुन्हा 'ए', पण वळण वेगळं. के हे यातलं दहावं अक्षर. १८२१ नंतरच्या एकोणिसाव्या शतकात ते चारदा आलं: १८२५ मध्ये साध्या छापील वळणाचं लहान, १८४५ मध्ये जाड, टोकदार, जुन्या पोथीच्या वळणाचं मोठं, १८६५ मध्ये त्याच पोथीवळणाचं लहान आणि १८८५ मध्ये साधं मोठं. राणीने १८२५ बाद केलं होतं. उरलेल्या तिन्हींत राणी आहे, सिंह आहे, मुकुट नसलेला बिबट्या आहे. आता फक्त वळणावर भिस्त. काकांच्या मुलाने फोनवर फोटो काढून मोठा केला. उभी काडी वरच्या टोकाला चिरल्यासारखी, खांद्याशी एक छोटा टोकदार फाटा, शेजारच्या सिंहाच्या मानाने उंची बेताची. पोथीवळणाचं लहान के. मे १८६५ ते मे १८६६.

दुकानात बसून मला एकदम आठवलं, ते साल आपल्याकडे काय होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंदांच्या भोवती शेअरांचं वेड माजलं, बॅकबे भरावाच्या कंपनीचा कागद कल्पनेपलीकडे चढला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या फेडीच्या दिवशी, मुंबईत पेढ्यामागून पेढ्या बसल्या. त्याच महिन्यांत केव्हा तरी लंडनमध्ये कोणी तरी या चमच्याच्या पाठीवर के मारत होतं. मागांच्या आवाजात बसून कापसाच्या त्या वर्षाला बोट लावता येतं, ही गोष्ट मला त्या चमच्याच्या किमतीपेक्षा मोठी वाटते.

पण हे अक्षर तारीख सांगण्यासाठी जन्मालाच आलं नव्हतं. नातवंडांना साल कळावं म्हणून १४७८ मधल्या सोनारांनी ही पद्धत काढली नाही. त्या आधी संघाचे पंच कारखान्यात फिरून माल तपासत. मग ठरलं की माल घेऊन सगळ्यांनी फॉस्टर लेनमधल्या सोनारांच्या वाड्यात, गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये यायचं. म्हणून ते हॉलमार्क. तिथे पगारी तपासनीस बसवला आणि त्याच्या कारकिर्दीला अक्षर जोडलं. उद्या हिणकस माल सापडला, तर तो कोणाच्या हातून पास झाला, हे त्या अक्षरावरून काढता यावं. कारागिराला त्याची स्वतःची खूण बांधत होती. अक्षर बांधत होतं तपासणाऱ्याला. जो दुसऱ्यांवर शिक्का मारतो, त्याच्यावरही एक शिक्का हवा, इतका रोखठोक विचार पाचशे वर्षांपूर्वी कोणी केला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

ते सगळे साधुसंत होते म्हणून ही व्यवस्था टिकली असं नाही. जुन्या झिजलेल्या भांड्याचा ठसा कापून नव्या भांड्यात डाख देऊन बसवणारे होते, कर चुकवणारे होते. अठराव्या शतकाच्या मध्यात खोट्या ठशाला फाशीची शिक्षा होती, १७७३ पासून ती चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आली. सतराव्या शतकाच्या शेवटी तर वेगळीच अडचण आली. चांदीच्या भांड्यांची हौस एवढी वाढली की लोक नाणी कातरून, वितळवून भांडी करू लागले. नाणं आणि भांडं एकाच शुद्धतेचं, मग अडवणार कोण? म्हणून १६९७ मध्ये भांड्यांची शुद्धता नाण्यांच्या वर नेली, ९५.८४ टक्के. सिंह काढला आणि बसलेल्या ब्रिटानिया देवीचा ठसा आणला. १७२० मध्ये जुनं प्रमाण परत आलं, तरी ब्रिटानिया ऐच्छिक म्हणून राहिली. ही गोष्ट आत्ता सांगण्याचं कारण म्हणजे २०२५ च्या सुधारित भारतीय मानकात चांदीच्या ज्या नव्या प्रती घातल्या गेल्या, त्यांतल्या एकीचा आकडा ९५८ आहे.

एवढ्यात पद्मनगरकडची एक बाई आली. पायातल्या पट्ट्यांची जोडी रुमालातून काढून तिने गल्ल्यावर ठेवली. लेकीच्या लग्नाला नव्या घ्यायच्या होत्या, या मोडीत द्यायच्या होत्या. काकांनी एक कडी कानशीने जरा खरवडली, दगडावर घासली, आम्लाचा थेंब सोडला, रंग पाहिला. "सत्तरच्या आत आहे, अम्मा." ती गप्प झाली. घेताना दुकानदाराने चोख म्हणून दिल्या होत्या आणि तिने मजुरीसकट चोखचे पैसे मोजले होते. पट्टीच्या कडीवर दोन इंग्रजी अक्षरांचा ठसा होता, दुकानाचा. बस, एवढाच. विकणाऱ्याचं नाव होतं, पण तपासणाऱ्या तिसऱ्या माणसाचं कोणाचंच नव्हतं. काकांनी हिशेब नीट समजावून सांगितला, कागदावर लिहून दिला. तिने मान हलवली, पण रुमालाची घडी घालताना तिचा हात किती वेळ त्याच घडीवर फिरत राहिला, ते मी पाहिलं.

आपल्याकडे पारख नव्हती, असं नाही. आपली भाषाच सराफकट्ट्यावर घडली आहे. माणसाचा कस लागतो, कसोटी होते, एखाद्याचं मन बावनकशी असतं, एखादं काम हिणकस निघतं. हिणकस म्हणजे कसाला हीन. सराफ हा शब्द अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ नाणी पारखून बदलून देणारा. पेशवाईत रुपया एक नव्हता. अंकुशी, चांदवडी, ठिकठिकाणच्या टांकसाळींचे आणि कितीतरी. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून एकाच्या बदल्यात दुसरा देताना बट्टा कापायचा. नावाला बट्टा लागतो तो तिथून. सराफ रुपया वाजवून पाहायचा, शंका आली तर त्यावर छोटा ठसा ठोकून आत तांबं नाही ना हे बघायचा. त्या खुणा अंगावर घेतलेले रुपये आजही सापडतात: चंद्रकोर, फूल, टिंबांचा झुपका. त्या खुणा म्हणजे आपल्या बाजारात धातूवर लिहिलेली पारखच होती. फरक एवढाच की ती पारख ज्याची, देवघेवही त्याचीच. पेढीची पत हाच हॉलमार्क. पेढी चांगली, तर सगळं चांगलं. पट्ट्यांवाल्या बाईला जिथे जावं लागलं होतं, तिथे मात्र पेढीच्या पतीखेरीज दुसरा आधार नव्हता.

आणि इंग्रजांनी, ज्यांनी स्वतःच्या घरी ही व्यवस्था एवढी जपली, ती इथे आणली नाही. रुपया एकछापी केला, टांकसाळी बांधल्या, पण भांड्यांसाठी तपासणीघर उघडलं नाही. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीसारख्या गोऱ्या पेढ्या साहेबलोकांसाठी चांदी घडवत. त्यावर कंपनीची अक्षरं, एखादा हत्ती, एखादं अक्षर अशी इंग्लंडची आठवण करून देणारी ओळ ठोकत. दिसायला हॉलमार्क, पण त्यामागे हॉल नाही. पुण्यात हिराप्पा बुचेना या कारागिराच्या नावाची चांदी निघाली, देवादिकांच्या मूर्तींनी भरलेली. भुजच्या उमरसी मावजींनी 'ओ एम' आणि गावाचं नाव ठोकलं. आज संग्राहक या नावांसाठी तडफडतात. पण साल? त्यांच्या भांड्यांवर वर्षाचं अक्षर नसतं. नक्षीची ढब, झाकणाचा आकार, एखाद्या मानपत्राची तारीख यांवरून वीस-तीस वर्षांच्या अंतराने अंदाज बांधायचा. ज्यांच्या हातात एवढी कला होती, त्यांचं साल कोणी लिहून ठेवलं नाही, याची मला चुटपुट लागून राहते.

यात आणखी एक वळण आहे. हीच चांदी विलायतेत जाऊ लागली, तेव्हा १८४२ च्या कायद्याने परदेशी भांडीही तपासून ठसा मारल्याशिवाय विकायला बंदी होती. स्टर्लिंगपेक्षा कमी कसाचं निघालं, तर फोडायचं. भरजरी कोरीवकाम केलेल्या हिंदुस्थानी भांड्याला खरवडा मारून तपासणं म्हणजे त्याची नक्षी बिघडवणं. बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांचं हिंदुस्थानच्या कारागिरीवरचं पुस्तक १८८० मध्ये निघालं, त्या सुमारास विलायतेत या कामाची ओढ वाढली होती. शेवटी १८८४ च्या महसूल कायद्यात एक कलम घातलं गेलं: पौर्वात्य धाटणीचं, हाताने ठोकून कोरलेलं, जडावाचं किंवा तारकामाचं काम असेल, तर तपासणीतून सूट. व्यापाराला ही सवलत बरी होती. पण तिच्यामुळेच त्या भांड्यांवर हॉलचं अक्षर कधी उमटलं नाही.

भिवंडीत विलायती चांदी म्हणून जे येतं, त्यातलं बरंचसं चांदी नसतं. काकांच्या मोडीच्या डब्यात मी पाहिलं, तर काटे-चमच्यांवर ओळीने चौकटीतली अक्षरं होती: ई, पी, एन, एस. प्रत्येक अक्षर निराळ्या ढालीत, पोथीवळणाचं, लांबून पाहिलं तर हुबेहूब हॉलमार्क. अर्थ एवढाच की निकेल मिश्रधातूवर विजेने चढवलेला मुलामा. तो धातू आपण जर्मन सिल्व्हर म्हणून ओळखतो आणि त्यात चांदीचा कणही नसतो. एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीचा भास आला. त्याच्या शंभर वर्षं आधी शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हरने तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा तापवून चिकटवण्याची रीत काढली होती. ती भांडी घासून घासून कडांना गुलाबी होतात, आतलं तांबं वर येतं. म्हणून कुणी विचारलं, तर मी एकच सांगते: इंग्लंडची चांदी म्हणतात ना, मग आधी सिंह शोधा. सिंह असेल, तर शेजारी गाव शोधा. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे १९७५ आधीचं शेफील्ड. या दोन्ही गावांना तपासणीघर मिळालं ते १७७३ मध्ये. मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराला तोवर आपला माल ठशासाठी दूर चेस्टरला पाठवावा लागे, वाटेत भांडी चेपत, म्हणून त्याने संसदेत खटपट केली. तीन बुरुजांचा किल्ला दिसला आणि शेजारी काटेरी फूल असलं, तर एडिंबरा. वीणा असेल, तर डब्लिन. चेस्टरचं घर १९६२ मध्ये बंद झालं, ग्लासगोचं १९६४ मध्ये. ब्रिटनमध्ये आता लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिंबरा एवढी चारच उरली आहेत.

आणि कृपा करून ठसे घासू नका. रांगोळी, राख, दंतमंजन, काही नको. भांडं काळं पडलं म्हणून त्याचं काही बिघडत नाही. अक्षर गेलं की ते परत येत नाही.

आपल्याकडे सरकारी हॉलमार्क आला एप्रिल २००० मध्ये सोन्याला, २००५ मध्ये चांदीला. भारतीय मानक ब्यूरोने तेव्हा पाच खुणा ठेवल्या होत्या: ब्यूरोचा त्रिकोणी शिक्का, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, सराफाची खूण आणि वर्षाचं अक्षर. 'ए' म्हणजे २०००, 'बी' म्हणजे २००१. हे सांगितल्यावर काका उठले आणि तिजोरीतून एक अंगठी घेऊन आले. घरातली. आतल्या बाजूला बारीक ठसे, त्यात 'जे'. मी बोटांवर मोजलं, इंग्लंडने वगळलेलं 'जे' आपण ठेवलं, त्याऐवजी 'आय' वगळला. २००८. काका म्हणाले, "बरोबर. मोठीच्या बारशाची." त्यांच्याच हातातून गेलेल्या वस्तूवर साल आहे, हे सतरा वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

ते अक्षर २०१७ पासून आपल्या दागिन्यांवर राहिलं नाही. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला आणि त्याच जुलैपासून तीनच खुणा उरल्या: शिक्का, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा अनन्य क्रमांक. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही तो क्रमांक मिळू लागला, अजून ऐच्छिक. फोनवर ब्यूरोच्या अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की सराफ, केंद्र, शुद्धता, ठशाची तारीख समोर येते. इंग्लंडनेही १९९९ पासून वर्षाचं अक्षर ऐच्छिक केलं आहे.

हा क्रमांक मला नको आहे, असं मुळीच नाही. पट्ट्यांवर तो असता, तर सत्तरची गोष्ट त्या बाईला घेतानाच कळली असती, आणि कोणी पास केलं तेही. तिला ज्याची गरज होती, ते आज मिळतं आहे आणि चांदीलाही ते लवकर सक्तीचं व्हावं, असं मला वाटतं. पण माझं म्हणणं एवढंच आहे: एक अक्षर धातूवर परत आणा. क्रमांक नोंदवहीकडे बोट दाखवतो. नोंदवही आहे, वीज आहे, फोन आहे, तोवर ठीक. के कोणाकडेही बोट दाखवत नाही. तो स्वतःच साल आहे. एकशे साठ वर्षं, दोन देश, एक लिलाव, आईची राख आणि चिंच, एवढं सगळं सोसून भिवंडीच्या दुकानात तोंडाच्या वाफेवर तो वाचता आला. इंग्लंडच्या अक्षरांची पूर्ण कोष्टकं १८५३ मध्ये ऑक्टेव्हियस मॉर्गन नावाच्या माणसाने छापली. तोवर पावणेचारशे वर्षं ती अक्षरं कोष्टकाशिवाय भांड्यांवर बसून होती. म्हणून तर नंतर कोष्टक करता आलं. अडीच मिलिमीटरची जागा आणि एक पंच, याहून जास्त खर्च त्यात नाही.

काकांनी चमचा गुलाबी कागदात गुंडाळला, मग थांबून परत उघडला. "ताई, ते काय काय सांगितलं, ते यावर लिहा." मी कागदाच्या आतल्या बाजूला लिहिलं: सिंह, स्टर्लिंग. बिबट्या, लंडन. राणी, कर भरला. जी ए, अ‍ॅडम्स. के, १८६५. त्यांनी ते वाचलं आणि मुलाला मोडीचा डबा आणायला सांगितला. संध्याकाळी तो भट्टीला जायचा होता.

डबा त्यांनी मखमली ट्रेवर उलटा केला. जर्मन सिल्व्हर एका बाजूला सारलं. चेपलेल्या वाट्या, तोरड्यांचे तुकडे, कुंकवाची अर्धी डबी. भिंग लावून ते एकेक तुकडा फिरवू लागले. बाहेर संध्याकाळची गर्दी वाढली होती, एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, मुलाने त्याला बसवलं. बऱ्याच वेळाने काकांनी साखरेच्या चिमट्याचा एक तुटका पाय माझ्यापुढे धरला.

"हा बघा. सिंह आहे. आणि हे, आकड्यासारखं..."

नांगर होता. बर्मिंगहॅम. राजाचं मस्तक कुठेच नव्हतं, आणि घडण पाहता तो १७८४ च्या आधीचा वाटत नव्हता, म्हणजे १८९० नंतरचा. अक्षराची जागा गुळगुळीत झाली होती. काकांनी त्यावर वाफ सोडली, उजेडाकडे धरलं, पुन्हा सोडली.

"काही नाही दिसत," ते म्हणाले. तरी त्यांनी तो पाय डब्यात टाकला नाही. काट्याशेजारी, वजनांच्या पेटीत, वेगळा ठेवला.